गुरुजींचे सहा आकडे

भंडाऱ्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे वडील तिथल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. गुरुजींना जाऊन आता काही वर्षे झाली. मागे राहिलेल्या वस्तूंत त्यांचा एक फिल्मचा कॅमेरा आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा : "माझ्या मुलाने आजोबांचा कॅमेरा कपाटातून काढला. नवी बॅटरी घातली. यंत्र सुरू झाले, पण बटण अर्धे दाबले तरी भिंग जागचे हलत नाही, सगळे धूसरच दिसते. दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील गृहस्थ म्हणाले, 'यातले आकडे कुणीतरी भलतेच करून ठेवलेत. सगळे शून्यावर आणून देतो. तरीही चालला नाही तर मोडीत काढा.' मन होत नाही. काय करावे?"

मी उलट टपाली कळवले, "एकही आकडा हलवू देऊ नका. मी येतो." नागपूरला जायचे होतेच. तेथून भंडारा साठेक किलोमीटर. एस.टी.ने दीड-दोन तासांचा रस्ता.

या प्रकारचा कॅमेरा पुष्कळ वाचकांच्या घरी असेल, म्हणून आधी 'आकडे' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गुरुजींचा कॅमेरा कॅनन कंपनीचा ईओएस-१व्ही. हा २००० साली बाजारात आला. धंदेवाईक छायाचित्रकारांसाठी केलेला एसएलआर, म्हणजे ज्यात भिंगातून येणारा देखावाच आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचतो असा. त्यात फिल्मचा रोल पडतो आणि रोलवर चित्रे बसतात छत्तीस. या यंत्राच्या पोटात शून्यापासून एकोणिसापर्यंत वीस कलमे आहेत. प्रत्येक कलमाला दोन, तीन किंवा त्याहून अधिक पर्याय. झाकणाखालचे बटण आणि वरची चकती यांनी कलम निवडायचे आणि त्याचा पर्याय ठरवायचा. पडद्यावर दिसतो तो एवढाच : कलमाचा आकडा आणि त्याच्या शेजारी पर्यायाचा आकडा. कुठे अक्षरात खुलासा नाही. माहितीपुस्तक हरवले की हे सारे गूढच.

असे आकडे असणारा हा एकटाच कॅमेरा नव्हे. कॅननने १९८९ च्या ईओएस-१ पासूनच ही सोय दिली होती. निकॉनच्या एफ-५ मध्ये, १९९६ साली, अशी २४ कलमे होती आणि २००४ च्या एफ-६ मध्ये ती ४१ झाली. पुढे डिजिटलचा जमाना आला. कॅननने २०१८ मध्ये ईओएस-१व्हीची विक्री थांबवल्याचे जाहीर केले आणि एफ-६ चे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

आता, कंपनीला एवढी उठाठेव कशासाठी? कारखान्यातून निघालेला कॅमेरा म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानातला सदरा. तो सर्वांना होतो आणि कुणालाच नीट बसत नाही. कंपनीला ठाऊक नसते की घेणारा क्रिकेटच्या मैदानावर उभा राहणार आहे की लग्नाच्या मांडवात की भाताच्या बांधावर. म्हणून सरासरी माणूस डोळ्यांसमोर ठेवून सर्व आकडे शून्यावर ठेवतात, आणि बाकीचे शिवणकाम घेणाऱ्यावर सोपवतात. शिंप्याने बाही आखूड केली म्हणून सदरा बिघडला असे कुणी म्हणत नाही. दुकानातल्या गृहस्थांनी नेमके तेच म्हटले होते.

गुरुजींचे घर जुन्या वस्तीत. बाईंची आई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, ऐंशीच्या घरातल्या. पण स्मरण लख्ख. चहा झाल्यावर कॅमेरा पुढ्यात आला. मी एकेक कलम काढून त्याचा पर्याय कागदावर उतरवीत गेलो. वीसपैकी चौदा कलमे शून्यावर होती. सहा बदललेली होती : एक, दोन, तीन, चार, बारा आणि पंधरा.

मनात पहिली शंका आली ती ही, की हे सहा आकडे गुरुजींचेच कशावरून? काकूंनी सांगितले की कॅमेरा नवा घेतलेला नव्हे. वर्तमानपत्रांतील मंडळी डिजिटलकडे वळली, त्या दिवसांत नागपूरच्या एका वृत्त-छायाचित्रकाराने तो काढून टाकला आणि शिक्षकाच्या पगाराला परवडेल अशा किमतीत गुरुजींनी घेतला. तेव्हा हे आकडे त्या पहिल्या मालकाचेही असू शकत होते. उत्तर मिळाले ते पहिल्याच कलमात.

पहिले कलम रोल गुंडाळण्याचे. मूळ मांडणीत शेवटचे चित्र घेतले की कॅमेरा आपणहून रोल मागे गुंडाळून डबीत घालतो. घाईने दुसरा रोल भरणाऱ्या वृत्त-छायाचित्रकाराला हेच हवे. गुरुजींच्या कॅमेऱ्यात मात्र हे कलम तीनवर होते. म्हणजे बटण दाबल्यावाचून गुंडाळायचे नाही, आणि गुंडाळायचे तेही हळू, आवाज न करता. वर्तमानपत्राचा माणूस असे कधीही करणार नाही. मग हे कुणासाठी? मी हे मोठ्याने बोललो, तोच काकू म्हणाल्या, "सारसासाठी ना जी."

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. शेजारचा गोंदिया १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होता. महाराष्ट्रातले सारस क्रौंच राहिले आहेत ते मुख्यतः या पट्ट्यात. त्यातही गोंदियाकडे काही दहांच्या घरात आणि आजच्या भंडाऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माणसाच्या उंचीचा, राखी अंगाचा, तांबड्या डोक्याचा हा पक्षी. जोडीने राहतो, आणि पावसाळ्यात धानाच्या पाण्यात किंवा तलावाच्या काठी काडीकचऱ्याचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो.

बाईंनी मला दुसऱ्या दिवशी पहाटे, गुरुजी ज्या बांधावर जाऊन बसत तेथे नेले. गावाचे नाव देत नाही, आणि का ते वाचकांना समजेल. शेताचे मालक गुरुजींना चांगले ओळखत. मी गुंडाळणीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पाखरू मानसाले नाही भेत जी. नांगराले नाही भेत. अवचित आवाजाले भेते."

यात सारे आले. शटरचा खटका या कॅमेऱ्यालाही चुकत नाही. पण खटका एकदाचा, क्षणाचा. गुंडाळणीची घरघर कितीतरी वेळ चालते आणि ती सुरू होते नेमकी छत्तिसाव्या चित्रानंतर, म्हणजे पक्षी समोर असताना. जोडी दचकून उडाली आणि घरटे उघडे पडले तर कावळे टपलेलेच असतात. जिथे साऱ्या जिल्ह्यात मोजकीच जोडपी उरली, तिथे एका छायाचित्रापायी दोन अंडी जाणे हा व्यवहार कुणाला परवडावा? काकूंनी आणखी एक सांगितले : जोडी अंड्यांवर बसली की गुरुजी बांधावर जात, पण कॅमेरा घरी ठेवून.

आता चौथे कलम. हेच ते दुरुस्तीवाल्यांना चकवणारे. नेहमी बटण अर्धे दाबले की भिंग आपोआप फोकस साधते आणि पुरते दाबले की चित्र निघते. दोन कामे एकाच बोटाला. चौथे कलम एकवर ठेवले की ही कामे वेगळी होतात. फोकस साधायचा तो पाठीमागच्या, अंगठ्याखालच्या बटणाने. पुढचे बोट फक्त शटर उडवते. म्हणून नातवाने बोट कितीही दाबले तरी भिंग हलले नाही. मी त्याला म्हटले, "बाळ, मागे तारेची खूण असलेले बटण आहे ना, ते अंगठ्याने दाब." त्याने दाबले. भिंग सरकन फिरले, खिडकीबाहेरचा पेरू स्पष्ट दिसू लागला, आणि पोराचा चेहराही. कॅमेऱ्याला काहीच झालेले नव्हते.

हे कशासाठी, तेही बांधावर बसल्यावर कळते. सारस उभा असतो धानाच्या पलीकडे. मध्ये लोंब्या डुलत असतात. कॅमेरा बिचारा जवळची स्पष्ट रेघ पाहतो आणि लोंबीवरच फोकस साधतो. बोटाने बटण दाबावे तर प्रत्येक खेपेला भिंग पक्ष्याकडून लोंबीकडे आणि लोंबीकडून पक्ष्याकडे धावणार. अंगठ्याची रीत असली की पक्ष्यावर एकदा फोकस साधावा, अंगठा उचलावा आणि मग मान वर होण्याची वाट पाहत बसावे. भिंग जागचे हलत नाही. पक्षी चालू लागला तर कॅमेरा सतत फोकसवर ठेवून अंगठा दाबून धरावा. तो पाठलाग करीत राहतो. एकाच बटणात दोन्ही सोयी.

गुरुजींच्या खोक्यात या जोडीचा एक मोठा छाप आहे. दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आहेत, दोघे मिळून साद घालीत आहेत, आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक लोंबी धुक्यासारखी पुसट. चौथे कलम काय करते, हे त्या पुसट लोंबीपेक्षा चांगले मला सांगता येणार नाही.

तिसरे आणि पंधरावे कलम एकत्रच घेतले पाहिजे, कारण ती दोन्ही रात्रीची आहेत. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, भंडाऱ्याकडे भाऊबीज झाली म्हणजे दिवाळी संपत नाही. तेथून पुढे गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार, खडी गंमत आणि नाटके, पहाट होईपर्यंत. नाचणारे वेगात आणि उजेड एकदोन दिव्यांचा.

फिल्मच्या डबीवर तिचा वेग किती ते सांगणाऱ्या चौकटी छापलेल्या असतात. त्या वाचून कॅमेरा आपणहून ४०० किंवा १०० असा आकडा धरतो. तिसरे कलम एकवर केले की कॅमेरा डबीचे ऐकत नाही, तुमचे ऐकतो. गुरुजी ४०० ची काळी-पांढरी फिल्म १६०० ची म्हणून वापरीत. म्हणजे चौपट वेग. जेथे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवावे लागले असते, तेथे सव्वाशेवा भाग पुरतो आणि नाचणाऱ्याचा हात पुसला जात नाही. फुकट मात्र काही मिळत नाही. रोल धुताना रसायनात जास्त वेळ ठेवावा लागतो. काळे अधिक काळे होते, सावलीतला बारकावा जातो, दाणा जाड दिसतो. दंडारीला तो दाणा शोभतो. रोल गुरुजी घरीच धूत. "दिवे मालवून, दाराच्या फटीला गोधडी लावून बसायचे," काकू म्हणाल्या, "आणि आम्ही बाहेर स्वयंपाक थांबवून."

पंधरावे कलम फ्लॅशचे. शटरला दोन पडदे असतात; पहिला उघडतो, दुसरा झाकतो. साधारणपणे पहिला पडदा उघडताच फ्लॅश उडतो. अशा वेळी शटर थोडे रेंगाळले तर नाचणाऱ्याच्या हालचालीची पुसट रेघ त्याच्या पुढे उमटते आणि माणूस उलटा धावतो आहे असे वाटते. कलम एकवर केले की फ्लॅश दुसरा पडदा झाकण्याच्या क्षणी उडतो. मग रेघ मागे राहते आणि माणूस पुढे झेप घेतो. गुरुजी फ्लॅश क्वचितच वापरीत, पण वापरला तर असा. दंडारीतल्या एका सोंगाड्याचा छाप पाहिला. फेट्याचा शेमला हवेत, त्याच्या मागे उजेडाची शेपटी.

बारावे कलम आरशाचे. शटर उडण्यापूर्वी आरसा उचलला जातो, आणि त्याच्या आपटीने अख्खा कॅमेरा अंमळ थरथरतो. भर उन्हात याचा पत्ता लागत नाही. पण सेकंदाचा आठवा किंवा चौथा भाग शटर उघडे असले तर तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचे चित्रही मऊ पडते. हे कलम चालू केले की पहिल्या दाबाला आरसा वर जातो, थरथर थांबू द्यायची, आणि दुसऱ्या दाबाला चित्र घ्यायचे. हे पवनीसाठी. वैनगंगेकाठचे पवनी हे फार जुने गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी तेथे उत्खनन केले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. गुरुजी मुलांना घेऊन तेथे जात, जुन्या वेशीच्या दगडांची रेखाटने करवीत आणि सूर्य कलल्यावर स्वतः तिपाई मांडीत. कललेल्या उन्हात दगडावरची टाकीची खूण उठून दिसते, पण त्या वेळी उजेड कमी झालेला असतो. दोन्ही साधायचे तर बारावे कलम हवेच.

राहिले दुसरे कलम. दिसायला सर्वांत किरकोळ, पण मला भंडाऱ्यात सर्वांत जास्त वेळ बसवले ते त्यानेच. गुंडाळताना फिल्मचे टोक डबीत न जाता बाहेर राहावे, एवढेच ते सांगते. टोक बाहेर असले की अर्धवट रोल काढून पुन्हा घालता येतो. दिवसा १०० चा रोल, रात्री ४०० चा. कॅमेरा मात्र एकच, तेव्हा शिक्षकाला ही काटकसर करावीच लागे. यात धोका एक. वापरलेला रोल आणि कोरा रोल सारखेच दिसतात. म्हणून पुरता वापरलेल्या रोलचे टोक गुरुजी फाडून ठेवीत आणि अर्धवट रोलच्या डबीवर आकडा लिहीत.

हे मी सांगत होतो, तेव्हा बाई उठल्या आणि कपाटाच्या खणातून एक डबी घेऊन आल्या. टोक बाहेर, न फाडलेले. डबीवर पेन्सिलने दोन ओळी : '१६००' आणि '१२'.

बारा चित्रे गुरुजींनी घेतलेली. पुढची फिल्म कोरी. खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग बाईंनी विचारले, "धुवायला देऊ?" काकू म्हणाल्या, "बारांसाठी चोवीस वाया घालवले तर ते रागावतील."

तेव्हा ठरले ते असे, आणि अशी डबी कुणा वाचकाच्या घरी निघाली तर त्यांनाही ही रीत उपयोगी पडेल. रोल पुन्हा कॅमेऱ्यात घालायचा. भिंगावर टोपण ठेवायचे, छिद्र सर्वांत लहान, शटर सर्वांत जलद, म्हणजे या कॅमेऱ्यात सेकंदाचा आठ हजारावा भाग. अंधाऱ्या खोलीत बसून बारा वेळा शटर उडवायचे आणि सावधगिरी म्हणून आणखी दोनदा, कारण रोल दुसऱ्यांदा घालताना चौकटी थोड्या पुढेमागे सरकतात. चौथे कलम एकवर असल्यामुळे टोपण असूनही कॅमेरा अडत नाही. फोकसचे काम अंगठ्याकडे, आणि अंगठा आपण लावतच नाही. राहिली बावीस चित्रे. फिल्म जुनी झाली आहे, तिचा वेग उतरला असणार, म्हणून कॅमेऱ्यावर १६०० ऐवजी ८०० ठेवायचे, म्हणजे नव्या चित्रांना दुप्पट प्रकाश मिळेल. धुणे मात्र गुरुजींच्या हिशेबाने, १६०० चेच. कारण पहिली बारा चित्रे त्याच बोलीवर घेतलेली आहेत.

ती बावीस चित्रे यंदाच्या मंडईत नातू घेणार आहे. त्याला मी सहा आकडे पाठ करायला लावले आणि प्रत्येकाचे कारणही. कारणाशिवाय आकडा पाठ केला तर तो पाढा होतो. पुढे त्याने ते बदलावेत. त्याला सारसाच्या बांधावर बसायचे नसेल, फुटबॉलचे सामने टिपायचे असतील, तर पहिले कलम त्याने खुशाल शून्यावर आणावे. आजोबांचा सदरा नातवाला जसाच्या तसा बसावा असा कुठला नियम आहे? तो कुठे आणि का आखूड केला होता, एवढे कळले म्हणजे पुरे.

आता इतर वाचकांसाठी चार शब्द. घरात असा कॅमेरा असेल तर तो कुणाच्या हाती देण्यापूर्वी सगळ्या कलमांचे आकडे कागदावर उतरवा आणि तो कागद कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. शून्यावर आणायला एक मिनिट लागते. पुन्हा मूळ जागी आणायला ज्याने ते लावले तो माणूस लागतो. स्वतः आकडे बदलणार असाल तर एका वेळी एकच बदला, त्यावर एक पुरा रोल काढा, धुवा, पाहा आणि मगच पुढच्या कलमाला हात घाला. फिल्ममध्ये चित्र लगेच दिसत नाही, त्यामुळे दोन आकडे एकदम बदलले तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा हे कळत नाही. आणि वीसच्या वीस बदलण्याची हौस धरू नका. गुरुजींनी चौदा तशीच ठेवली, कारण त्यांना ती नडली नव्हती. काळी-पांढरी फिल्म अजून कोडॅक आणि इलफर्ड करतात. लहान गावी मिळत नाही, मोठ्या शहरातून मागवावी लागते आणि स्वस्त राहिलेली नाही. म्हणून तर बटण दाबण्याआधी विचार होतो.

भंडाऱ्याचा रोल तुळशीचे लग्न झाल्यावर धुतला जाईल. गुरुजींच्या बारा चौकटींत काय आहे ते काकूंनाही ठाऊक नाही. दिसले तर पुढे कधी याच पानावर सांगेन. तोवर सर्वांची दिवाळी सुखाची जावो.